सूचना वही

निळ्या पुठ्ठ्याची वही, सुतळीनं बांधलेला पेन.
सतरा वर्सं काखेत वागवली म्या.
मास्तर शिकवत असते, मी दारात उभा रायतो,
खोकत नाही. वही पुढं करतो.
सही होते.

सहीवरून मानूस समजते.
गावंडे सर खडूच्या हातानंच करते,
ढोके मॅडम आपलं नाव शोधते, मंग जागा शोधते,
खोब्रागडे सरायची म्हंजे नुसती एक रेघ,
शेवटी वर गेलेली,
माशी हाकलताना बैलाची शेपटी जाते तशी.
सात सह्या. वाचते कोन,
हे वहीले माहीत अन् मले.

त्या दिवशी लिवलं होतं,
तालुक्याच्या मीटिंगपायी शाळा साडेअकराले सुटन.
सातही सह्या झाल्या.
ऑटोवाल्या हबीबची सही घ्याले वहीत जागाच नाही.
पांगरखेडची नऊ लेकरं फाटकापाशी बसली,
साडेअकरा, मंग एक, मंग तीन.
एक पोरगी दप्तरावर डोकं ठेवून झोपली,
एका पोट्ट्यानं उरलेली पोळी मुंग्यायले वाढली.
मी बसलो सोबत.
मोबाईल होता मापाशी, हबीबचा नंबर नव्हता.
नंबर ऑफिसात. ऑफिसले कुलूप.
चाबी मीटिंगमंधी.

दुसऱ्या दिवशी जो तो वहीवर बोट ठेवे,
हे पाहा, माही सही आहे.
होतीच. सातही होत्या.

बोबडे मॅडम नव्या, दोन महिन्याच्या.
वही मिटली त्यायनं, म्हने,
नत्थूजी, तुमाले काय वाटते?
सतरा वर्सात असं कोनी इचारलं नव्हतं.
मी म्हनलं, चहा आनू काय?

तवापासून सव्वादहाले साऱ्यायनं
हापशीपाशी उभं रायाचं. उभ्यानंच.
खुर्च्या आनल्या का भाषन सुरू होते, मॅडम म्हने.
हबीबनं ऑटो बंद करून याचं,
गोकुळाबाईनं झाडूसगट आलं तरी चालन.
आठ दिवस सारे आपापल्या चपला पायत होते.
गावंडे सर म्हने, पंगत बसाची आहे काय इथं?

नवव्या दिवशी गोकुळाबाई बोलली,
झाडूकडंच पायत:
सहावीतला तो प्रनय, पानी प्याले घडीघडी येते,
पन पीत नाही.
खिडकीपाशी उभा रायते, फळा पायते, अन् जाते.

ढोके मॅडम म्हने, म्या तर त्याले पानीच बंद केलं.
गावंडे सर म्हने, म्या मांगच्या बाकावर बसवला.
खोब्रागडे सर काही नाही बोलले,
पन त्यायच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.
मंग हबीब: तो माहा ऑटो आवाजावरून ओळखते, सर.
बंद असला का दुसऱ्याच्याच ऑटोत चढते.

हापशी टिपकत होती.
चौघापाचायजवळ एकाच पोराचे तुकडे,
अन् सतरा वर्साच्या वहीत
त्याच्यासाठी रकाना नाही.

खरं सांगतो, आता भांडनं जास्त होते.
परवा घंटीवरून झालं, काल संडासाच्या चाबीवरून.
दोघं बोलत नव्हते, ते आता तोंडावर बोलते.
प्रनय चष्मा लावते, काढते,
कागदाच्या होडीले काच दाखवते.

वही अजून आहे. संस्थेले लागते.
गेल्या शुक्कारी सूचना फिरवली,
खोब्रागडे सरायपाशी थांबलो.
त्यायनं पेन घेतला. वाचलं. परत वाचलं.
रेघ नाही मारली.
खाली बारीक अक्षरात लिवलं,
'का?'

तशीच नेली मॅडमकडं. काखेत नाही,
दोन्ही हातानं, काठोकाठ भरलेलं ताट नेते तशी.
त्या गंज वेळ पायत रायल्या पानाकडं,
उत्तर लिवाले
जागा शोधत.