डावी कूस

खंडवा रोडला, तिल्लोरच्या अलीकडे मॅरेज गार्डन आहे,
आमच्या गोठ्यापासून दोन शेतं पलीकडे.
लग्नसराईत रात्री दीडला इंदूरकडे परतणारा टेम्पो थांबतो
आणि उरलेल्या पुऱ्या, जिलब्या, फुगलेला भात
फाटकाशी ओतून जातो.
गोग्रासाचं पुण्य, वर कचरागाडीचे पैसे वाचले.

मीच म्हणाले होते, ओता.
ढेप किती महाग झाली, म्हणाले होते.
रंभीनं मान वर न करता खाल्लं.

तिसऱ्या दिवशी रवंथ थांबला.
शेण पातळ, आंबूस, वर फेस.
दूध अकरा लिटरवरून चारावर.
संकलन केंद्रातल्या पोरानं चिठ्ठी सरकवली:
फॅट दोन पूर्णांक सात.
पाणी घातलंत, असं तो म्हणाला नाही.
फक्त माझ्याकडे बघितलं नाही.

डॉक्टर नाहर आले. स्टेथोस्कोप गळ्यातच राहिला.
डाव्या कुशीत मूठ रुतवून उभे,
नजर घड्याळावर.
"दोन मिनिटांत तीनदा लाट यायला हवी.
एकही नाही. आतले बहुतेक मेलेत."
आतले कोण?
"ज्यांना तुम्ही चारा घालता ते.
गाईला वाटतं ती खाते. तुम्हालाही तसंच वाटतं."

सोड्याचं पाणी पाजलं. नुसतं वाळलं गवत ठेवलं.
मग एक डबा: यीस्टची राखाडी भुकटी,
वास उतू गेलेल्या भटुऱ्याच्या पिठाचा.
रोज वीस ग्रॅम, कोंड्यात कालवून.
विरजण लावतात तसं?
"तसंच. फक्त हे भांडं श्वास घेतंय, सांभाळून."
किंमत वाचली आणि डबा भिंतीकडे तोंड करून ठेवला.

भेरूलालनं डब्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.
तांबू सावलीत रवंथ करत होती,
तिच्या जबड्यात हात घालून
त्यानं घास काढला, हिरवा, वाफाळता,
आणि रंभीच्या जिभेमागे सारला.
मला वाटलं डॉक्टर ओरडतील.
ते म्हणाले, "डब्यावर तारीख छापलेली असते,
एवढाच फरक."

त्यानंतरच्या रात्री मी कुणाला सांगितल्या नाहीत.
बॅटरी विझवून, कपाळ तिच्या बरगडीला टेकून
मूठ दाबायची आणि मोजायचं.
एकशे वीसपर्यंत काही नाही.
पुन्हा एकशे वीस.
मध्येच माझ्याच पोटात गुरगुरलं, तर मी दचकले.

सहाव्या रात्री
गोधडीखाली कुणी सावकाश कूस बदलावी
तसं काहीतरी मुठीखालून गेलं.
मी श्वास धरला.
मग दुसरं.
"पेट बोली रियो हे," अंधारातून भेरूलाल म्हणाला.
म्हणजे तोही जागाच होता.

भुकटीनं, की तांबूच्या उष्ट्या घासानं,
की नुसत्या वाळल्या गवतानं? मला माहीत नाही.
आज फॅट तीन पूर्णांक चार. डबा अर्धा उरलाय.

दीड वाजलाय. फाटकाशी हॉर्न.
तुपाचा वास गोठ्यापर्यंत आलाय,
रंभीचे कान उभे.
मी उठते, मुठीला तिचे केस चिकटलेले,
आणि ड्रायव्हरला काय सांगायचं
ते चालता चालता जुळवते.