फेकीत नाय

खारकर आळीत, दुपारी अडीचला,
माजिवड्याचे फर्मिन किणी आले.
गोणपाटातली लिव्हरची रायफल काउंटरवर आडवी,
तिच्यावर परवान्याचं पुस्तक.
"बाये, ही वाजते, पण फेकीत नाय.
जावयाच्या नावावर करायचीय."

म्हणजे असं :
लिव्हर खाली ओढली की बोल्ट मागं येतो.
बोल्टच्या तोंडाशी एक नखी असते,
ती रिकाम्या काडतुसाची कड धरून
त्याला नळीतून ओढून आणते,
आणि अगदी शेवटी, शेवटच्या बोटभर अंतरात,
एक दांडी टिचकी मारते.
ती बसली नाही तर काडतूस तिथंच रेंगाळतं,
निरोप घेऊन झाल्यावर उंबऱ्यात गप्पा मारणाऱ्या पाहुण्यासारखं,
आणि मागून येणारं त्याच्यावर आदळतं.

आधी बॅटरी लावून पाहिलं, आत काही नाही ना.
दोनदा. दादा तीनदा बघायचे.
मग चेंबर : चिंचेच्या कोळासारखं जुनं तेल.
रॉकेल, पितळी ब्रश, धोतराची चिंधी, परत रॉकेल.
नखीची धार अंगठ्याच्या नखावर घासून पाहिली. शाबूत.
स्प्रिंग मात्र थकलेली.
डब्यातली दुसरी, एक वेढा कापून, बसवली.
"किती वर्षं बंद होती?"
"बापूस गेला तवापासून."

खोटी काडतुसं भरली,
दारू नसलेली, बुडाला लाल रंग दिलेली.
ओढली. टण्.
ओढली. टण्.
पाचवं कॅलेंडरवर, नेमकं संकष्टीला लागलं.
"झाली. तुम्ही बघा."

त्यांनी ओढली. नाही फेकलं.
पुन्हा ओढली. अडकलं.
मी घेतली : टण्.
त्यांच्या हातात : काही नाही.
निसार हसला, मी डोळे वटारले,
आणि रायफल बघायची सोडून
हात बघायला लागले.

उजवा हात लिव्हर अशी खाली न्यायचा
जशी झोपलेल्या घरात कडी काढतात.
डावा वर यायचा, अर्धी ओंजळ करून,
बोल्टच्या तोंडाशी, काहीतरी झेलायला.

"हे असं कुणी शिकवलं?"

स्टूल ओढून बसले.
येऊरचं रान. बंदी आल्यावरही बापूस डुकरामागं जायचा.
हे बारा वर्षांचे, मागं मागं, पाण्याची बाटली घेऊन.
बार झाला की रान उठायचंच, त्याला इलाज नव्हता,
पण पितळ दगडावर पडलं तर तो आवाज वेगळा,
तो माणसाचाच.
आणि सकाळी गार्डला सापडणार ते निराळंच.
म्हणून हळू. म्हणून ओंजळीत. चटचट भाजणारं.
त्यांनी तळहात पुढं केला.
मला काही दिसलं नाही.
"गेले ते डाग," म्हणाले.

आता येऊरला बंगले आहेत, लॉन आहेत,
रात्री एकपर्यंत कुणाची तरी हळद वाजते.
त्या डाव्या हाताला हे कुणी सांगितलेलं नाही.

म्हटलं, "ओंजळ खाली ठेवा. मांडीवर.
आता भांडण झाल्यावर दार आपटतात ना, तशी ओढा."
दोन वेळा जमलं नाही.
मग टण्.
काडतूस चहाच्या ग्लासाला लागून
घरंगळत शटरपाशी गेलं.
फर्मिन रस्त्याकडे बघत राहिले.
बाहेर एक रिक्षा मागं घेत होती.
कुणी वळूनही पाहिलं नाही.

रजिस्टरात लिहिलं : साफसफाई, स्प्रिंग, चारशे पन्नास.
'दोष' हा रकाना दादांच्या वेळेपासूनच फार अरुंद आहे.

जाताना ते वाकले,
काडतूस उचललं आणि सरळ खिशात टाकलं.
"ते माझं आहे," म्हटलं.
"अरे हां," म्हणाले,
आणि खिशातून काढून काउंटरच्या काचेवर
उभं ठेवलं,
जराही आवाज न करता.