बाजू दुसरी, गाणे तिसरे

बत्तिसाव्या वर्षी मी हाफपँट घालून ड्रम वाजवले.
गुडघ्यांवरचे खरचटणे मर्विनची बायको काढायची,
रोज संध्याकाळी, लिपस्टिकने,
जीभ दातांत धरून,
आम्हा चौघांत मूल फक्त तिलाच दिसत असावे अशी.

मर्विन हेडमास्तर. काळा झगा, चौकोनी टोपी,
वेताची छडी तो माइकसारखी धरायचा
आणि माइक छडीसारखा.
डग्लस नि क्लाइव मागच्या बाकावरचे, उनाड,
गिटारी दप्तरासारख्या पाठीला.
सगळे खोटे. बाक तेवढे खरे.
आमची शाळा पाडली तेव्हा भंगारवाल्याकडून
पौंडाला एक, असे बारा घेतले,
शाईच्या दौतीच्या भोकांसकट,
कोरलेल्या शिव्यांसकट.

रेकॉर्ड निघाली पंच्याहत्तरच्या हिवाळ्यात.
लंडनच्या कुणी लिहिले, शाळा हे साम्राज्याचे रूपक.
आम्ही आणखी एकेक बिअर मागवली.
रूपक कसले, मिस्टर हॅलम होते ते.
त्यांच्या हातांना डिंकाचा वास यायचा
आणि मारण्याआधी ते घड्याळ काढून
टेबलावर नीट ठेवायचे,
काच वरच्या बाजूला.

तिसरे गाणे हजेरीचे.
गिटार नाही, चाल नाही.
माझा एक ड्रम आणि मर्विनचा आवाज.
नावे खरी, क्रम खरा. वकील नको म्हणाला होता.
ॲपलगार्थ. हजर, सर.
ब्लँचर्ड. हजर, सर.
ओ आम्हीच द्यायचो, आवाज बदलून बदलून,
कधी घोगरा, कधी नुकता फुटलेला.
कूलबेक.
आणि रेकॉर्डवर इथे चार ठोके रिकामे.

लोक त्या चार ठोक्यांना कला म्हणाले.
खरे तर स्टुडिओत त्याच्या नावाने कोणी बोलायचे
हे ठरवायचेच राहून गेले होते.
मी मर्विनकडे पाहिले, मर्विनने काचेकडे,
टेप फिरत राहिली.

टेरेन्स कूलबेक.
माझ्या डाव्या हाताला बसायचा.
फळ्यावर हॅलमचे चित्र मी काढले होते.
पुढे तळहात केला त्याने.
सहा.
मी बाकाखाली खोडरबर शोधत होतो,
सहाही होईपर्यंत सापडले नाही.
पंधराव्या वर्षी तो मासेमारीच्या बोटीवर चढला,
सोळाव्या वर्षी आइसलँडच्या पलीकडे
दोरखंडांवर बर्फ साचून साचून
बोट कलंडली. एवढेच कळले.
एवढेच कळवतात.

चौसष्टावा प्रयोग ग्रिम्सबीला.
गोदीजवळचे थिएटर, पडद्याला ओल,
पहिल्या रांगेतली पोरे शाळेचे टाय कपाळाला बांधून आलेली.
ॲपलगार्थ. ब्लँचर्ड.
कूलबेक.
एक. दोन.
तिसऱ्या ठोक्याला वर गॅलरीतून कुणीतरी म्हणाले,
हजर, सर.

पोराचा नव्हता आवाज.
बाईचा. साठीतला, सिगारेटींनी खरवडलेला,
आणि त्यात थट्टा नव्हती,
रागही नव्हता. रांगेत नंबर आल्यावर
माणूस बोलते, तसा.

मर्विनच्या हातातला हजेरीपट म्हणजे
कुणा खाटकाची उधारीची वही.
आजवर त्याने तिच्यात पाहिलेसुद्धा नव्हते.
आता तो खिसे चाचपू लागला,
झग्याचे, मग आतल्या पँटचे,
आणि हेडमास्तरचा आवाज सोडून,
आमच्या गल्लीतल्या आवाजात म्हणाला,
पेन्सिल आहे का कुणाकडे?

खालून एक आली, उडत.
त्याने खूण केली. वेळ घेऊन केली.
मग घसा खाकरला, टोपी सरळ केली,
पुढचे नाव घेतले.

पुढचे नाव माझे.
डॉब्सन.
काठ्या हातात होत्या.
पुन्हा, जरा हळू, डॉब्सन.
डग्लस आणि क्लाइव बाकावरून मागे वळून बघत होते,
दोन मोठी माणसे,
गुडघे लाल.