धाग्याभोवतीची जागा

रावपुऱ्यातली शाळा, नववी 'ब'.
इन्क्युबेटर म्हणजे चहाचं लाकडी खोकं, आत चाळीसचा बल्ब.
चायना ग्रास मागितली तर वाणी म्हणाला, "बेन, पुडिंग?"
मी हो म्हटलं. कुठे सांगत बसा.
बटाट्याचं पाणी, चिमूट साखर,
घरच्याच कुकरला वीस मिनिटं.

उत्तरायण होऊन तीनच दिवस झालेले.
पोरांच्या बोटांवर मांज्याच्या चिरा,
कुणाला हळद, कुणाला चिकटपट्टी.
म्हटलं, चांगलं बोट टेका. अंगठा उठवल्यासारखं नको,
झोपलेल्याचा ताप बघतात तसं.

दोन दिवसांत बश्यांमधून गावं वसली,
दुधी, पिवळट, एक चक्क अबोली रंगाचं.
"हे सगळे माझ्या हातावर राहत होते?"
राहतात अजून. बहुतेक सज्जन आहेत.
भाडं देत नाहीत, पण जागा धरून बसतात,
म्हणून भलता कोणी शिरत नाही.

हेतल सुर्वे. नाव गुजराती, आडनाव मराठी,
बोलणं दोन्हींच्या मधल्या पोळातलं.
तिनं कंपासपेटीतून एक धागा काढला:
पपांच्या कामाच्या शर्टाचा, खिशाजवळचा, न धुतलेला.
पपा मकरपुऱ्यात कॅप्सूल भरतात,
अर्धी लाल, अर्धी काळी.
आई म्हणते, आपल्या घरात दुखणं यायला घाबरतं.

नव्या बशीवर तिनं बोट फिरवलं, वर धागा,
झाकण, टेप.
बशी भरली मांडवीच्या रस्त्यासारखी
आणि धाग्याभोवती काही नाही.
लांबट, लख्ख अंगण,
जसा कुणी कडक म्हातारा ओट्यावर बसलाय
आणि पोरं लांबून खेळतायत.
मी फळ्यावर लिहिलं: प्रतिजैविक.
हेतल त्या दिवशी मधल्या सुट्टीत
सगळ्यांना बशी दाखवत फिरली,
स्वतःच्या घराचा फोटो दाखवावा तशी.

मग शनिवार, रविवार, सोमवारची कसलीशी सुट्टी.
मंगळवारी अंगणात ठिपका.
टाचणीच्या डोक्याएवढा,
धाग्याला जवळजवळ टेकून.

मागून क्षितिज पारेख ओरडला, "बेन, हा पास झाला!"
वर्ग हसला.
नाही रे, म्हटलं, यानं अभ्यास केला नाही.
हा पहिल्यापासून असाच होता, गर्दीत दिसत नव्हता.
आपण बाकीचा वर्ग बाहेर काढला.
जागा आपणच करून दिली.

हे वाक्य पुस्तकात नाही.
सव्वीस वर्षं मी पुस्तकातलं शिकवलं
आणि सर्दी झाली की पर्समधल्या उरलेल्या दोन गोळ्या
वर्गाकडे पाठ करून गिळल्या.

घंटा झाल्यावर हेतल थांबली.
"पपांच्या छातीतपण अशी जागा झाली असेल?"
मी म्हटलं, त्यांना सांग, मास्क लावा,
शर्ट कारखान्यातच बदला.
तिनं हे विचारलं नव्हतं.

बश्या मी फिनाईलमध्ये बुडवल्या, मग कुकर,
मग कुकर घरी नेलाच नाही.

फेब्रुवारीत पालकसभा.
सुर्वे आत येण्याआधी कूलरच्या नळावर
कितीतरी वेळ हात धूत होते.
मग हात हवेतच वाळवत, डावा कानमागे घासत,
मुलीची प्रयोगवही उघडली.
बशी कंपासनं काढलेली, एकदम गोल.
धागा निळ्या पेन्सिलीनं. भोवती अंगण, पांढरंशुभ्र.
खाली माझ्या लाल अक्षरात: दहापैकी नऊ.

"एक मार्क कशाचा गेला, बेन?"

मी पेनाचं टोपण न काढताच
त्या पांढऱ्यावर टेकवलं.
म्हटलं, इथं एक ठिपका होता.
तिला दिसला होता.