सनकोट

चव्वेचाळीस अंश. अशोक चौकात सिग्नलला
सगळ्या स्कूटींवर एकच बाई:
पांढरा सनकोट, कोपरापर्यंत मोजे,
स्कार्फची गाठ मानेमागं, फक्त डोळे उघडे.
त्यातली मी कुठली, हे माझ्या
फुटक्या इंडिकेटरलाच ठाऊक.

कोट मीच शिवते. दिवसाला चाळीस,
टॉवेलच्या मागांशेजारी, कानात बोळे घालून.
रात्री मोबाईलवर कोरियन मालिका.
तिथल्या मुलीचा गाल काचेचा,
आत कुणी दिवा लावून विसरल्यासारखा.
मी तांदळाचं पाणी चोपडून बघत बसते.
अम्मा म्हणते, पेज पोटात गेलेली बरी.

अम्मानं तीस वर्षं घरात विड्या वळल्या.
ऊन असं तिच्या अंगावर आलंच नाही.
गोरी राहिली, सुपातल्या तांदळागत,
आणि बघायला कोण? मुकादम. तोही विड्याच मोजायचा.

परवा आरशापुढं स्कार्फ सोडला:
डोळ्यांवरून आडवा काळा पट्टा, बाकी तोंड फिकं.
अम्मानं तंबाखूचा अंगठा त्यावरनं फिरवला.
"स्रवंती, एवढ्यानंच काय ते सोलापूर बघितलंय की गं."

मग सूप पुढ्यात ओढत,
माझ्याकडं न बघता:
"तो कोट... माझ्या मापाचा निघंल का एखादा?"