इंचाला बावीस

सागरी पुरातत्त्व, प्राथमिक ओळख.
सहा आठवडे, शनिवार-रविवार. फी अठराशे.
खिडकीतला क्लार्क म्हणाला,
"बाई, समुद्र इथून तीनशे किलोमीटर."
मी म्हटलं, पावती द्या.

तेरा जण होतो.
समुद्र पाहिलेले पाच,
त्यातला एक फक्त विमानातून.
मी उरलेल्या आठांत.
मोठं पाणी म्हणजे उजनीचं,
तेही एसटीच्या खिडकीतून, अर्धवट झोपेत.

तोरसकर सर मालवणचे.
हजेरीत "येमूल नागमणी" म्हणताना थांबायचे,
नावात एखादा खडक असल्यासारखे.
पंखा फिरायचा, हवा फिरायची नाही.
बाहेर चव्वेचाळीस.
आत फळ्यावर भरती-ओहोटी
आणि आमच्या बाटल्यांतलं पाणी
चहा व्हायला आलेलं.

आई विड्या वळता वळता विचारायची,
आज काय शिकवलं?
बुडालेलं जहाज कसं मोजायचं ते.
"नीळ्ळु कुठाय मग?" सुपातली मान वर न काढता.
पाणी नंतर, आई. आधी मोजायचं.

तिसऱ्या रविवारी प्रात्यक्षिक,
केगावच्या माळावर, बाभळीपाशी.
सर म्हणाले, समजा हा तळ आहे,
आपल्या डोक्यावर बारा मीटर पाणी.
सगळ्यांनी वर बघितलं.
वर एक घार होती. तिला मासा समजून सोडून दिलं.
सुतळी ताणून चौकोन करायचे, मीटर बाय मीटर.
सगळ्यांची ढिली पडत होती.
मी सोळा वर्षं अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्यात
ताणा भरते.
सरांनी माझ्या सुतळीला टिचकी मारली.
वाजली.

मग स्लाइडा. नांगर,
रांजणांची रास, तांब्याचे गोळे,
हस्तिदंत, मणी, मिरीसुद्धा.
मी हात वर केला: कापड?
"कापड राहत नाही. पाणी खातं."
मुकादम म्हणतो ना, यंदा मजुरी वाढत नाही,
तितक्या सहज.
इथून जवळच तेर.
तिथून गाठोडी निघायची, गाड्यांतून, घाट उतरून, बंदरापर्यंत,
हेही त्यांनीच सांगितलं होतं.
म्हणजे मिरी उरली
आणि आम्ही नाही.
त्या रात्री मी जेवले नाही. आईला सांगितलं, ऊन लागलं.

पाचव्या आठवड्यात एक फोटो आला.
कुऱ्हाडीचं गंजलेलं पातं, खूप मोठं करून.
त्याभोवती कधीतरी कापड गुंडाळलेलं होतं.
कापड गेलं.
जाण्याआधी गंजानं त्याचा ठसा घेतला होता,
उभं, आडवं, उभं, आडवं.
मी उठून पडद्यापाशी गेले.
माझी सावली पात्यावर पडली,
मागून कुणीतरी म्हणालं, बसा हो.
फोटोत शेजारी मापाची पट्टी होती.
बोटानं मोजलं.
इंचाला बावीस.
आणि आठव्यापाशी एक ताणा तुटलेला,
चार-पाच आडवे तसेच निघून गेलेले,
मग गाठ मारून परत धरलेला.

सर, इथं धागा तुटलाय.
सर आले. चष्मा काढून पुढं वाकले.
"सतरा वर्षं दाखवतोय हा फोटो,"
म्हणाले, आणि तास तिथंच संपला.

तुटला तेव्हा काय झालं असेल,
ते मला पुस्तकात बघावं लागत नाही.
त्यानं, किंवा तिनं, इकडंतिकडं बघितलं असेल.
मालक दुसरीकडं होता.
थुंकी लावून पीळ दिला असेल,
ओढून पाहिलं असेल.
जाऊ दे, लांब जायचंय,
तिकडं कोण बसलंय मोजायला.

सर्टिफिकेट अजून आलेलं नाही.
क्लार्क म्हणतो, सही राहिलीय.

सोमवारी पहिल्या पाळीला
बीमवर एक धागा तुटला.
मुकादम बघत होता.
तरी गाठ मारायला
मी जरा वेळ लावला.