अर्धी शेपटी

आधी दिसते ती शेपटीच.
बॅटरीच्या उजेडात अंजनेरीच्या कातळावरून
एक पांढरी दोरी ओघळते
आणि फटीत कुणी ओढून घ्यावी तशी नाहीशी होते.
बाकीचा प्राणी आपण नंतर जुळवायचा.
पाठ राखेची, पोट तांदळाच्या पेजेचं,
कान इतके पातळ की उजेड आरपार जातो,
डोळे म्हणजे दोन करवंदं, ओली.
शेपूट मुळाशी काळपट, निम्म्यापासून पुढे पांढरी,
चुन्याच्या डबीत बुडवून
कुणी वेळेवर उचलल्यासारखी.

"घरचा नाही हा," देवराम भोये सांगतो.
"घरचा माणसाच्या मागं मागं आला,
ह्यानं कधी आपल्याला विचारलंच नाही."
उंबराच्या ढोलीत राहतो, नाहीतर दगडाच्या सांदीत,
काडी काडी, सुकला पाला, कारवीची साल
आत नेऊन कोंबतो.
दिवसभर झोप.
रात्री फांदीवरून असा चालतो
की पान हलतं, पण वाजत नाही.
सकाळी झाडाखाली जांभळाच्या बिया सापडतात,
एकाच बाजूने कुरतडलेल्या.

सहा वर्षं मी इथली वनरक्षक.
चौकीतल्या नोंदवहीत बिबट्याला रकाना आहे,
तरसाला आहे, मोराला तर दोन.
उंदराला नाही.
साहेबांना एकदा विचारलं, तर हसले,
म्हणाले, गांगुर्डे मॅडम, मग मुंग्याही मोजाल.

पौषात पत्र्याची पेटी उघडली.
गंजलेल्या कोपऱ्याला भोक,
आत नोंदवहीचा भुगा,
मऊ, कापसासारखा पिंजलेला,
त्यात पाला, गोणपाटाचे दोन धागे
आणि मधोमध तीन पिल्लं,
गुलाबी, डोळे मिटलेली,
प्रत्येकाचं पोट श्वासाने वरखाली.
एका चिंधीवर माझंच अक्षर होतं: "ठसे, ताजे".
पुढचं खाल्लेलं.

वर पाहिलं.
वाशावरून ती अर्धी पांढरी शेपटी लोंबत होती,
हलत नव्हती.
मीही हलले नाही.
देवराम दारातच थांबला, विडी न पेटवता.

झाकण लावलं, बोटभर फट ठेवून.
उरलेल्या पानाच्या मागे पेन्सिलीने लिहिलं:
मादी एक, पिल्लं तीन, पेटीत.
रकाना मीच आखला, पट्टीशिवाय,
थोडा वाकडा आला.

आठवड्याने पेटी रिकामी.
एकेक तोंडात धरून नेली असणार,
कातळाकडे की उंबराकडे, कळलं नाही.
वरून पत्र आलंय:
नोंदवही गहाळ झाल्याचा खुलासा करावा.
तीन दिवस झाले, कोरा कागद समोर आहे.
देवराम म्हणतो, खरं तेच लिहा,
पण शेपटीपासून सुरुवात करा.